लवू कुबलचा होका आणि अर्धी बाटली

लवू कुबल समुद्रावर जगणाऱ्या गाबताच्या घरात जन्माला आला, ही देवाची सरळसरळ चूक. बाप देवबागचा तांडेल, म्हणजे मचव्याचा कप्तान, आजा तांडेल, पणजा तर म्हणे अरबस्तानापर्यंत जाऊन आलेला. आणि हा गडी? धक्क्याला बांधून ठेवलेल्या मचव्यात नुसता पाय टाकला तरी भडाभडा ओकायचा. बापाने लिंबू चोखायला दिलं, देवाला नारळ दिला, शेवटी दोन कानफटात दिल्या. लवूने लिंबू ओकलं, प्रसादाचं खोबरं ओकलं, आणि कानफटात खाऊन पुन्हा ओकला. बापाने कपाळाला हात लावला आणि त्याला मुंबईला पिटाळलं. तेही बोटीनेच, कारण दुसरा रस्ता होता कुठे? भाऊच्या धक्क्याला उतरला तेव्हा पोरगा आहे की वाळत घातलेला बोंबील, ते ओळखू येईना.

पण समुद्र रक्तात असतो म्हणतात ते काही खोटं नाही. फक्त लवूच्या पोटात तो टिकत नव्हता. शिवडीला गोदीच्या कडेला पेस्तनजी नावाच्या एका पारशाचा कारखाना होता. लाँचेस, मचवे, ट्रॉलर यांची होकायंत्रं तिथे दुरुस्तीला यायची. लवू तिथे झाडू मारायला लागला आणि पुढे कारागीर झाला. ज्यांच्यावर पाय ठेवायची छाती नाही, अशा शेकडो बोटींना दिशा दाखवायचं काम त्याने जन्मभर कोरड्या जमिनीवर बसून केलं.

आता, खलाशी माणूस होकायंत्र असं लांबलचक नाव घेत बसत नाही. तो म्हणतो, होका. लवूही तेच म्हणायचा. आणि गंमत अशी की लवूला कुणी काहीही सांगितलं, साखर महागली, गिरणीत संप होणार, चाळीचा जिना पडायला आलाय, तरी त्याच्या तोंडून एकच उत्तर निघायचं, "हो का?" त्यामुळे काळाचौकीच्या चाळीत त्याचं नाव पडलं होकालवू. बिचाऱ्याला दुसरं काही बोलायचं नव्हतं असं नाही. होक्याविषयी तो तासभर बोलला असता. पण ऐकणार कोण? त्याने "चकती" म्हटलं की लोकांना चकली आठवायची, आणि विषय तिथून दिवाळीवर जायचा.

त्यात ते छप्पन साल. फाउंटनला गोळ्या खाऊन माणसं गेली होती, चाळीचाळीत त्या जखमा ओल्या होत्या, आणि राग इतका की काळाचौकीत ज्याला तोंड होतं तो वक्ता झाला होता. त्यात सगळ्यांत मोठं तोंड होतं लवूच्या मेव्हण्याचं. रघू, म्हणजे लवूच्या बायकोचा, शांताचा धाकटा भाऊ. दिसायला काडी, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. भिंतींवर घोषणा रंगवायचा, कोपऱ्याकोपऱ्यावर भाषणं ठोकायचा. दारूबंदीवर तर त्याचं खास भाषण होतं. दारू पिणारा गिरणी कामगार हा मालकाचा हस्तक, असं तो छातीवर मूठ आपटून सांगायचा. खोटं कशाला बोला, बायका डोळे पुसायच्या.

या रघूमुळे शांताचा भाव वधारला होता. पूर्वी नळावर तिचा हंडा शेवटी लागायचा. आता शेजारची कमळाबाई, जी सख्ख्या सासूलाही जागा देत नसे, ती बाजूला सरून म्हणायची, "ये गो शांता, तू भर आदी. भाव आमच्यासाठी लडता तुझो." शांता हंडा कमरेवर घेऊन गॅलरीतून अशी चालायची की लवू बघतच राहायचा. आपल्यामुळे ही कधी अशी चालली नाही, हे त्याला कळत होतं. वाईट वाटायचं, पण तिच्या तोंडावरचा तो तोरा त्याला आवडायचाही. तो कधी जाऊ नये, एवढंच त्याचं मागणं.

तर झालं असं. एका शनिवारी पेस्तनजीने लवूला एका लाँचचा होका दिला. लाँच सोमवारी सकाळी सुटायची, होक्यात हवेचा बुडबुडा शिरलेला, आणि रविवारी कारखाना बंद. "लवू, घरी ने, भरून आण," म्हणाला, आणि सोबत शुद्ध स्पिरिटची एक गच्च भरलेली बाटली दिली. मुंबईत दारूबंदी. स्पिरिटचा परवाना कारखान्याच्या भिंतीवर टांगलेला, तो काही लवूच्या खिशात येत नव्हता. पण पेस्तनजीच्या हे ध्यानात आलं नाही, आणि लवू म्हणाला, "हो का? बरं."

घरी माळ्यावर रघू लपलेला. भिंती रंगवल्याबद्दल पोलीस त्याच्या मागावर होते, आणि दोन दिवस तो बहिणीच्या हातची भाकरी-सुकट खाऊन देशकार्य करत होता. लवूने होका खाली फळीवर ठेवला. बाटली फुटू नये म्हणून माळ्यावर ठेवली. अहो, माळ्यावर! मांजराच्या उशाशी बांगडा ठेवावा तशी.

रात्री रघू माळ्यावरून खाली उतरला आणि जेवता जेवता एकदम भाषणाच्या रंगात आला. बेळगावचं बेलगाव झालं, कारवारचं कावरार झालं, आणि "झालाच पाहिजे" म्हणताना तो दोनदा "झोलाच पाहिजे" म्हणाला. मग ढसाढसा रडला. "कंठ दाटलो ओ त्याचो," शांता म्हणाली. लवू म्हणाला, "हो का?" आणि आपल्या ताटातला भात चिवडत राहिला.

रविवारी उजाडता उजाडता पोलिसांची गाडी आली. खालून कुणीतरी शीळ घातली, रघू संडासाच्या बाजूच्या जिन्याने पसार झाला, आणि पोलिसांच्या हाती काय लागलं? लवू. त्यांनी सगळी खोली उलटीपालटी केली. रघू नाही, पण माळ्यावर बाटली सापडली. हवालदाराने बूच काढून हुंगलं आणि त्याचे डोळे पाणावले. मग फळीवरची लाकडी पेटी उघडली. आत पितळेचं जडशीळ भांडं, वर जाड काच, भोवती कड्या, आत पाणी हलतंय. हवालदार दोन पावलं मागे सरला.

"हे काय आहे?"

"होका," लवू म्हणाला.

"मी तुला विचारतोय, हे काय आहे!"

"होका, साहेब."

"हो का काय, हो का? मलाच उलट विचारतोस? बाँब आहे का हा?"

"नाय साहेब, होका."

"नाय म्हणतोस आणि परत हो का म्हणतोस? चल! बस गाडीत!"

तर असा लवू कुबल, जन्मात पहिल्यांदा, लोकांच्या देखत पोलिसांच्या गाडीत चढला. खाली जमलेल्या चाळीला वाटलं, सत्याग्रही! कुणीतरी घोषणाही दिली. तेवढ्यात मागून हवालदार बाटली घेऊन आला, आणि घोषणा अर्ध्यावर अडकली.

ठाण्यात फौजदार धुमाळ होता. साताऱ्याकडचा गडी, झोप न झालेला. मोर्चेवाल्यांना पकडून पकडून कंटाळलेला. त्यात स्वतः मराठी, त्यामुळे घरी बायको बोलत नव्हती. त्याने पेटी टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ढकलली आणि म्हणाला, "हे बघ, हा बाँब नाही आणि ही बाटली दारूची नाही, असं तुझं म्हणणं. पटवून दे. पटलं तर घरी जा. नाही पटलं तर दारूबंदीत आत टाकतो."

लवूच्या मनात आलं, दारूबंदीत! आज चाळीतला जो तो आर्थर रोडला जातोय, पण जातोय हार घालून, महाराष्ट्रासाठी. आणि आपण जायचं हातभट्टीवाल्यांच्या रांगेतून? वक्त्याच्या बहिणीचा नवरा दारूत सापडला म्हटल्यावर उद्या नळावर शांताचा हंडा कुठे लागेल? तो तोरा गेला म्हणून समजा. काही झालं तरी पटवायलाच हवं होतं.

"बोल, सरळ उत्तर दे," धुमाळ म्हणाला.

"उत्तर तिकडे आहे, साहेब," लवूने चकतीकडे बघून बोट दाखवलं. थट्टा नव्हती हो, गडी घाबरला होता. बोट मात्र नेमकं धुमाळच्या पोटाकडे गेलं.

"तिकडे कसलं उत्तर? तिकडे शिवडी. शिवडीला सूर्य उगवतो," हवालदार म्हणाला.

लवू शरमला. मग त्याने पाहिलं, टेबलावर धुमाळचं पिस्तूल पडलेलं. "साहेब, ते जरा लांब ठेवा. लोखंड जवळ आलं की ह्याचं डोकं फिरतं." पिस्तूल कपाटात गेलं, टेबल भिंतीवरच्या बंदुकांपासून लांब ओढलं, आणि होक्यातली चकती सावकाश वळून परळच्या बाजूला तोंड करून शांत झाली. हवालदाराने तोंडात बोट घातलं. धुमाळ खुर्ची पुढे ओढून बसला.

आणि इथेच लवूचा घात झाला. जन्मात पहिल्यांदा दोन माणसं त्याच्या होक्याकडे टक लावून बघत होती. असा श्रोता त्याला ना चाळीत मिळाला होता, ना घरात. भीती कुठल्या कुठे पळाली. गडी उभा राहिला, बाह्या सारल्या आणि सुरू झाला.

"ही वाटी, साहेब. पितळेची. का पितळेची? पितळ चुंबकाच्या कामात लुडबुड करत नाही. आत ही चकती. दिशा हिच्यावर रंगवल्यात, आणि हिच्या पोटाखाली चुंबकाच्या कांड्या बसवल्यात. लोकांना वाटतं चकती फिरते. छट्! चकती आपल्या जागी असते, फिरते ती बोट. बोट गरकन वळली तरी चकती म्हणते, तू फीर बाई, मी उत्तर सोडत नाही."

"आमच्या मोठ्या साहेबांसारखी," हवालदार पुटपुटला. धुमाळने त्याच्याकडे बघितलं, पण रागावला नाही.

"मधोमध खालून हे अणकुचीदार टोक. चकतीच्या मध्यावर बारीक खड्याची टोपी, ती ह्या टोकावर टेकते. खडा का? धातूला धातू घासला तर झिजतो, चकती अडकते. आता ही काळी रेघ बघा, वाटीच्या आतल्या अंगाला. ही म्हणजे नाळ, बोटीचं पुढचं तोंड. चकतीवरचा जो आकडा ह्या रेघेसमोर येईल, त्या दिशेला बोट चाललीय. तांडेल दुसरं काही बघत नाही. रेघ आणि आकडा, रेघ आणि आकडा."

"आणि बोट हलली तर? पाणी सांडतंय सगळं," धुमाळ म्हणाला. त्याला आता खरोखर जाणून घ्यायचं होतं.

लवू तर खूश. "हलवा! पेटी हलवा तुम्ही!" हवालदाराने पेटी डावीकडे कलती केली, उजवीकडे केली. वाटी आपली सपाट. "दोन कड्या, साहेब. एकीत एक, आडव्या-उभ्या टांगलेल्या. एक कडी डुलणं खाते, दुसरी आपटणं खाते, वाटीला काही लागू देत नाही." एवढ्या डुलण्यानेही लवूला जरा मळमळलं. पण त्याने आवंढा गिळला.

"बरं. आणि ही दारू?"

"दारू नाय साहेब, स्पिरिट. काल शेटने गच्च बाटली भरून दिली, ती घरी आणली. पाण्यात मिसळून वाटीत गच्च भरायचं. त्यात चकती अर्धवट तरंगते, टोकावर भार येत नाही, आणि थडथडत नाही. नुसतं पाणी थंड मुलखात गोठतं, स्पिरिट गोठू देत नाही."

"मुंबईत कुठे रे पाणी गोठतं?"

"बोट काय मुंबईतच उभी राहते, साहेब?"

धुमाळ चक्क हसला. चहा मागवला, लवूलाही कप दिला. सुटलाच होता हो माणूस! तो चहा प्यावा, नमस्कार करावा आणि पेटी उचलून घर गाठावं. पण नाही. लवूला अजून एक गोष्ट सांगायची राहिली होती.

"आणि हा बघा बुडबुडा, काचेखाली. केवढा आहे! वाटीचा वायसर जुना झाला की हवा शिरते. मग चकती वेड्यासारखी उड्या मारते. ह्याच्यासाठी तर घरी आणला. आज सकाळी भरणार होतो, तेवढ्यात तुम्ही आलात."

"म्हणजे अजून भरला नाहीस?"

"नाय ना, साहेब. थेंबही घातला नाय."

धुमाळने कप खाली ठेवला. बाटली उचलून लवूच्या डोळ्यांसमोर धरली. "बाटली गच्च भरून आणलीस म्हणालास ना? मग अर्धी कुठे गेली?"

लवूने बाटलीकडे बघितलं. अर्धी होती. खरोखर अर्धी. मग कालची रात्र आठवली. बेलगाव. कावरार. झोलाच पाहिजे. कंठ कशाने दाटला होता ते त्याला आत्ता उमगलं, आणि त्याने मनातल्या मनात मेव्हण्याला जी शिवी घातली ती इथे लिहिण्यासारखी नाही.

नाव सांगितलं की सुटका होती. पण रघूचं नाव घ्यायचं म्हणजे तो माळ्यावर होता हे कबूल करायचं. आणि दारूबंदीवर गळा काढणारा रघू चोरून पितो, हे एकदा ठाण्यातून बाहेर गेलं की शांताने गॅलरीत पाऊल कसं टाकायचं? नवरा काय, होकालवू. त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नव्हती. नवऱ्याची बेअब्रू तिला सोसेल, भावाची सोसणार नाही, असा लवूने हिशेब केला.

"मी प्यालो, साहेब," तो म्हणाला.

"तोंड उघड." धुमाळने वास घेतला. "तंबाखू. नुसती तंबाखू. कोण प्यालं?"

"मीच."

"बघ बाबा, मी विचारायचं काम केलं," धुमाळ म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. मग त्याने लेखणी उचलली.

लवूला महिना पडला. आर्थर रोडला सत्याग्रही एका बाजूला, रात्रंदिवस गाणी, घोषणा. दारूवाले दुसऱ्या बाजूला. तिथल्या हातभट्टीवाल्यांनी लवूला डोक्यावर घेतलं, कारण स्पिरिट पचवणारा माणूस त्यांनी बघितला नव्हता. त्यांना होका समजावायला गेला तर ते विचारायचे, "ते ठीक आहे, पण एका होक्यातून किती निघते?" आठवड्याभरात रघूही आला, मोर्चात धरलेला, गळ्यात झेंडूचा हार. गजाआड लवूला बघून त्याने सगळ्यांना ऐकू जाईल असा सुस्कारा सोडला. "भावोजी, तुम्ही? माझ्या बहिणीच्या कपाळी हे?" निर्लज्जपणाला काही सुमार? लवूने दात आवळले. शांता भेटायला आली तेव्हा नुसतं "जेवण बरा आसा?" एवढं विचारून खाली बघत बसली. तीही आपल्याला दारुडाच समजते, असं लवूला वाटलं, आणि त्या रात्री तो हातभट्टीवाल्यांकडे पाठ करून रडला.

दोघांची सुटका एकाच दिवशी झाली. रघूच्या तुकडीसाठी ट्रक, लेझीम, ताशा. लवूसाठी कुणी नाही. रस्ता दोघांचा एकच, त्यामुळे ट्रक पुढे आणि लवू मागे, धूळ खात, असा तो काळाचौकीपर्यंत चालत आला.

चाळीच्या चौकात रघू खुर्चीवर चढला. आंदोलनाला दिशा हवी, म्हणाला. मग जिन्याशी उभ्या लवूकडे बघून आवाज खाली आणला. "आणि दुःखाने सांगतो, आपल्याच घरात दिशा चुकलेली माणसं असतात. दारू..."

"रघू, खाली उतर," शांता म्हणाली.

ती आरतीचं तबक घेऊन आली होती. रघूने ओवाळून घ्यायला मान पुढे केली. शांता त्याच्या अंगावरून पुढे गेली, जिन्यापाशी आली आणि लवूला कुंकू लावलं. सगळी चाळ बघत होती. कमळाबाई पुटपुटली, "ह्या बायेक खुळ लागला."

"बाय, त्यांका?" रघू ओरडला. "दारूच्या गुन्ह्यात गेले ते!"

"बाटली तू पिलंस," शांता म्हणाली. मोठ्याने, वरच्या मजल्यालाही ऐकू जाईल असं. "माळ्यावर पेलो तुझ्या उशाशी होतो. मी हुंगलो, मीच धुतलो. पोलीस तुझ्या मागे होते, मगे तू आत होतंस, म्हणान म्हयनोभर गप रवलंय. आज सुटलंस. आता नाय गप रवनार."

रघू खुर्चीवरून उतरला. ताशा वाजवणाऱ्याने काड्या बगलेत धरल्या. आणि सगळ्यांत आधी भडकला तो लवू.

"अगो, काय केलंस ह्या!" तो म्हणाला. "तुझ्या भावाची अब्रू रवाची म्हणान मी महिना काढलंय! कोणासाठी काढलंय मी? तुझ्यासाठीच ना?"

शांताने तबक कमळाबाईच्या हातात दिलं.

"म्हयनोभर नळार आयकतंय मी, शांताचो घोव दारुडो. रघूक कोण काय म्हणता, ता रघून बघूचा. तो माजो भाव, पण माजी अब्रू रघू नाय ओ." ती लवूच्या अगदी पुढ्यात आली. "माजी अब्रू तुमी. ती खंयच्या हिशेबान दिलात तुमी, माका न इचारता?"